पेढ्याच्या डब्यातली लिपस्टिक

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पंकजाचे पाय जागीच थिजले.

दार उघडं होतं. सताड. आणि दाराबाहेर, सगळ्यात वरच्या पायरीवर, एक अनोळखी माणूस बसला होता — दाराकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून, शेजारी एक पांढरं पोतं घेऊन.

एप्रिलातले दुपारचे दीड वाजलेले. नगरच्या सावेडीत अशा वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. ओरडलं तर ऐकणार कोण? तिनं पर्समध्ये हात घालून किल्ली मुठीत धरली आणि त्याच क्षणी तिला दिसलं, की कुलूप कडीला नुसतंच लोंबकळतंय. सकाळी लावायचंच राहिलं होतं... पुन्हा.

"कोण तुम्ही?" आवाज असा निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

माणूस चटकन उठला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. सावळा, उंच, शर्टाच्या खिशावर एका नर्सरीचं नाव. "लंकाबाई मॅडम तुमीच का?"

"नाही. म्हणजे — हो. म्हणजे त्या इथं नाहीत. तुम्ही काय करताय इथं? काय नेलंत आतून?"

त्यानं दोन्ही हात पुढं करून उलटेसुलटे दाखवले. "न्यायला कुठं आलोय? मी तर द्यायला आलोय. कोकोपीट, कुंडीत घालायचा नारळाचा भुसा. मॅडमनी मार्चातच सांगून ठिवलं हुतं." मग जरा थांबून म्हणाला, "साडेअकराला आलो. बेल वाजवली. दार उघडं, आत कुणी न्हाई. म्हणलं, असंच सोडून गेलो आन् मागनं कोण शिरलं तर? म्हणून बसलो."

"दोन तास?"

"दोन तास."

"या उन्हात? आत... पंखा होता की."

"आत कुणी बोलावलं न्हाई."

"आणि दाराकडे पाठ करून?"

"दुसऱ्याच्या घरात काय बघायचं?"

पंकजा त्याच्या बाजूनं अंग चोरून आत शिरली. गॅसची टाकी जागेवर. लॅपटॉप जागेवर. पावडरच्या डब्यात दडवलेली कुडी जागेवर. बाहेर येऊन तिनं मुकाट्यानं थंड पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं एका दमात ती रिकामी केली, तेव्हा त्याच्या गळ्यावरून घामाचा ओघळ उतरताना दिसला आणि ती इतकी शरमली की दाराचा पडदा नीट सारायच्या निमित्तानं तिनं तोंड फिरवलं.

"आतली ती टांगलेली," पाठीमागून आवाज आला, "लिपस्टिक हाय ना? तिला पाणी लई हुतंय."

ती गर्रकन वळली. "तुम्ही तर आत बघत नव्हतात!"

"आता तुमी पडदा सारला. दिसलं." तो पहिल्यांदाच हसला. "अंगद नाव माझं. काही लागलं तर सांगा."

"लिपस्टिक म्हणजे? बाईंनी नावं सांगितली होती, पण एकेचाळीस नावं कोण लक्षात ठेवणार?"

"फूल येईल तवा बघा. आधी काळपट तांबडी नळी येती, टोपणासारखी. मग आतनं लालभडक कळी हळूहळू वर सरकती. डिट्टो लिपस्टिक. तुमी लावता त्याच्यापेक्षा जरा गडद."

तो जिना उतरून गेला. पंकजानं दाराला आतून कडी घातली, ओढून पाहिली, आणि आरशासमोर जाऊन रुमालानं ओठ पुसून टाकले. का, ते तिचं तिलाच कळलं नाही.

*

आता ही मुलगी दार उघडं टाकून जाते कशी, असं तुम्ही विचाराल. पंकजा शनिशिंगणापूरची. तिच्या घराला दारच नाही. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, आणि कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून खाली आडवी लावलेली जाड लाकडी फळी आहे. संपलं. शनिवारी बाहेरगावचे भाविक गल्लीत येऊन त्या चौकटीचे फोटो काढायचे, आणि लहानपणी पंकजाला वाटायचं, आपण फार देखण्या आहोत म्हणूनच काढतात. कुलूप लावायचं असतं, हे तेविसाव्या वर्षापर्यंत तिच्या हातांना माहीतच नव्हतं.

नगरला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा लंकाबाईंनी आपल्या फ्लॅटमधली एक खोली तिला दिली. पंकजा शाळेत असताना त्या तिच्या बाई होत्या. पहिल्याच दिवशी किल्ली तिच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "पंकजा, हे नगर आहे. इथं शनिदेव पहाऱ्याला नाहीत. कुलूप!"

मार्चमध्ये बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बंगळूरला लेकीकडे गेल्या आणि तीन महिन्यांसाठी सगळं पंकजाच्या ओंजळीत टाकून गेल्या. फ्लॅट, गॅसचं पुस्तक, आणि पूर्वेच्या खिडकीतल्या एकेचाळीस कुंड्या. त्यातली टांगलेली लिपस्टिक सगळ्यात लाडकी. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाली आणि नारळ दिले. बाईंनी संध्याकाळी एकटीनं जाऊन स्वतःला म्हणून हे झाड घेतलं होतं.

आणि पंकजा? ती मुळातच भित्री. पाल, गॅसचा नॉब, रिक्षावाल्याचं आरशातलं बघणं... आणि आता एकेचाळीस जिवंत जीव! पान जरा मलूल दिसलं की ती पाणी घाली. सकाळी घाली, शाळेतून आली की घाली, आणि घातलं की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा घाली.

*

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात अंगद, हातात पाच लिटरचा कॅन.

"हे काय?"

"पाणी. मागच्या पावसाचं. नर्सरीत झाकलेली टाकी हाय. तुमच्या बोअरचं पाणी खारट, कुंड्यांच्या काठाला पांढरं साचलंय बघा. ह्या झाडांना ते सोसत न्हाई."

नगरच्या उन्हाळ्यात कुणी मुलीला चॉकलेट देत असेल, कुणी गजरा. पण पाणी? पंकजा कॅनकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आत या."

"दार उघडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि चपला बाहेर काढून खिडकीपाशी गेला.

त्यानं नावं सांगितली नाहीत. ओळखी करून दिल्या. ही केसाळ, मऊ पानांची, मखमली जांभळ्या फुलांची, हे आफ्रिकन व्हायोलेट. हिच्या पानावर गार पाणी पडलं की तपकिरी डाग पडतात, म्हणून पाणी कोमट करून बशीत घालायचं. ही लांब पानांची तिची बहीण. ही तांबूस पानांवर चांदीच्या रेघा असलेली, पसरत जाणारी — मावसबहीण. आणि ह्या वर टांगलेल्या दोघी, एकीची फुलं उड्या मारणाऱ्या माशासारखी, दुसरी लिपस्टिक.

"सगळं एकच घराणं. पानावरनं कळायचं न्हाई. फूल हातात घेऊन बघा, पाकळ्या खाली जोडलेल्या, नळीसारख्या. तिथं घराणं कळतं."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मोबाईल. आन् मेलेल्या कुंड्या." त्यानं लिपस्टिकची कुंडी खाली उतरवली. "ही उचला."

तिनं उचलली. दगडासारखी जड.

"आता ही शेजारची."

ती पिसासारखी हलकी.

"जड लागली तर हात मागं. हलकी लागली तर पाणी. तुमी काय करता, भीती वाटली की पाणी घालता. भीती वाटली की आधी उचलून बघायचं."

पंकजा कुंडी छातीशी धरून उभी होती. खिडकीतून कोवळं ऊन तिच्या मनगटांवर पडलं होतं. तो बघत होता, कुंडीकडे — की मनगटांकडे?

"मरेल का ही?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं कुंडी घेऊन बुडाच्या भोकात बोट घालून पाहिलं. तिथंच तिला खरी भीती शिवली.

*

दर गुरुवारी कॅन येऊ लागला. कधी कॅनबरोबर एखादं रिकामं मडकं, कधी नुसतीच थट्टा.

"आज कुलूप किती वेळा ओढून बघितलं?"

"तीनदा."

"फाटकातनं परत किती वेळा आलात?"

"एकदाच! ...दोनदा."

एका गुरुवारी तिनं त्याला गावाकडचे पेढे दिले, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात. आणि दार नसलेल्या घराच्या गमती सांगितल्या. तो ऐकत होता. मग पेढा हातातच ठेवून म्हणाला, "आमच्याबी घराला दार नसायचं. कोपी. ऊसतोडीला गेलं की फडाशेजारी बांधायची. पाचटाची. आई-बा पहाटं कोयता घिऊन जायचे, मी न् भैन पडद्याच्या आत. पर आमच्या कोपीचा फोटो काढायला कुणी आलं न्हाई कधी."

तो हसत होता. पंकजाला हसू आलं नाही. तिला तिच्या वडिलांचा ऊस आठवला. दर दिवाळीनंतर त्यांच्या फडात टोळी यायची, बांधाच्या पलीकडे कोप्या उभ्या राहायच्या, आणि आई दटावायची, "तिकडं जायचं न्हाई, पंके." ती लांबून बघायची. पडद्याआड दोन डोळे असायचे.

ते याचे नसतील. पण याच्यासारख्याच कुणाचे असतील.  आणि एव्हाना तिला कळून चुकलं होतं, की बुधवारी रात्री ती गुरुवारचा ड्रेस इस्त्री करून ठेवते.

*

मे लागला आणि लिपस्टिक गेली.

आधी खालची पानं गळाली. मग देठ बुडाशी काळे पडले. अंगदनं कुंडीतून झाड उपसलं तेव्हा मुळं चिखलासारखी हातात आली. दर रविवारी बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिलं वाक्य असायचं, "लिपस्टिक दाखव बरं. तिच्याकडे बघत बघत मी गुडघा वाकवते." दोन रविवार पंकजानं नेटवर्कवर ढकलले. तिसरा रविवार तोंडावर आला.

ती नर्सरीत गेली ती डोळे पुसतच. "दुसरी द्या. हुबेहूब. त्यांना कळता कामा नये."

अंगद शेडनेटखाली कुंड्या भरत होता. "मला हे बरं वाटत न्हाई."

"मग नका देऊ!"

"देतो. तुमी रडताय म्हणून देतो." त्यानं तिला टांगलेल्या तीन कुंड्यांसमोर उभं केलं. तिन्ही हिरव्या, तिन्ही लोंबत्या, फूल एकीलाही नाही. "सांगा, ह्यातली लिपस्टिक कंची?"

तिनं पहिलीकडे बोट केलं. त्यानं तिचं पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला. "दूध आलं की समजायचं, ही आपल्या घराण्यातली न्हाई. आपल्या झाडांना दूध नसतं."

आपल्या. पंकजानं तो शब्द मनातल्या मनात मुठीत धरला.

"दुसरीला हात लावा. लव लागती? ही मासोळीवाली. तिसरी बघा, पान जाड, गुळगुळीत, चीक न्हाई. ही लिपस्टिक." मग डोळे बारीक करून म्हणाला, "जुनीच्या पानांच्या कडा जांभळ्या हुत्या. हिच्या न्हाईत. पर फोनवर दिसायचं न्हाई."

जुनी कुंडी फेकून द्यायला तिनं त्याच्याच हाती दिली, आणि नवीन घेऊन पळाली.

रविवारी बाई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. चष्मा वर केला. खाली केला. "छान," म्हणाल्या. बस, एवढंच.

फोन ठेवल्यावर पंकजाला वाटलं, सुटले. सुटली कुठं? सोमवारी दूध उतू गेलं. मंगळवारी स्कूटीचं चाक बसलं. बुधवारी शाळेत प्रवेशांचा अख्खा तक्ता कॉम्प्युटरमधून उडाला. शिंगणापूरच्या पोरीला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुसऱ्याची वस्तू उचलली आणि जागेवर भलतीच ठेवली, याला तिच्या गावात चोरीच म्हणतात. आणि तिच्या गावात चोराचं काय होतं, ते ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. ती कुलूप आता पाचदा ओढू लागली. पण चोर आतच होता ना! तो कुलपानं कसा अडणार?

*

आणखी दोन रविवार असेच गेले. मग एका गुरुवारी अंगद आला नाही. तीच गेली, रिकामा कॅन परत करायच्या निमित्तानं.

दुपारचे तीन. नर्सरीत बारीक फवारे सुटले होते. शेडनेटखाली धुक्यासारखं पाणी तरंगत होतं, पानापानावर बसत होतं. बाहेर नगर भाजून निघत होतं आणि आत... आत तिच्या पापण्या ओल्या झाल्या, केसांवर मोत्यांची जाळी बसली.

"आला नाहीत," ती म्हणाली.

"आता तुमाला उचलून बघता येतं. माझं काय काम?"

"रागावलात?"

"न्हाई." त्यानं हात पँटला पुसले. खूप वेळ पुसले. "भ्यालो. एक बोलायचं हुतं, आन् तुमच्या दारात बोललो असतो तर तुमाला जायला जागा ऱ्हायली नसती. हितं फाटक उघडं हाय. पटलं न्हाई तर निघून जाता येईल."

पंकजाच्या हातातला कॅन गार पडला होता — की हात?

"तुमची भीती सोडली तर तुमचं सगळं आवडतं मला." तो थांबला. मान खाली घालून हसला. "खोटं कशाला बोलू? भीतीबी आवडती. फाटकातनं परत येऊन कुलूप ओढता, ती..."

एक फवारा जोरात फुसकारला. तिला 'मलाही' म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला, अगदी टोकापर्यंत... आणि तिला दिसले बाबा. घरच्या उसाच्या रसवंतीच्या गाड्यामागे उभे, खांद्यावर पंचा. दिसली टोळी, दिसल्या कोप्या. 'पंके, तिकडं जायचं न्हाई.'

"मला जायचंय," ती म्हणाली, आणि खरोखरच पळाली. फाटक उघडंच होतं.

*

शनिवारी सकाळी तिनं आंघोळ केली, तेलाचा दिवा लावला, आणि बंगळूरला फोन लावला.

"बाई, लिपस्टिक मेली. मी मारली. पाणी घालून. आता आहे ती नर्सरीतून आणलेली दुसरीच आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

 पलीकडून लंकाबाईंचा तोच आवाज, फळ्यावर पट्टी आपटल्यासारखा. "पानांच्या कडा. जुनीच्या जांभळ्या होत्या. पहिल्याच रविवारी कळलं मला. बघत होते, कधी सांगतेस."

"बाई..."

"रडू नकोस. राग आलाय मला, तो येऊ दे. आठ वर्षांचं झाड होतं."  मग मात्र आवाज एकदम कामाचा झाला. "शेंडे हिरवे होते ना? तुकडे ठेवलेस का?"

तुकडे? पंकजानं तर अख्खी कुंडी...

ती नर्सरीत पोचली तेव्हा अंगद पाइप गुंडाळत होता. तिला बघून त्याच्या हातातला पाइप सुटला.

"जुनी लिपस्टिक कुठं टाकलीत? उकिरड्यावर? सांगा ना लवकर!"

तो मागच्या पत्र्याच्या खोलीत गेला आणि एक डबा घेऊन आला. पारदर्शक. तिचाच, पेढ्यांचा. झाकण घट्ट लावलेलं, आतून वाफ धरलेली, आणि त्या वाफेत, ओल्या कोकोपीटमध्ये, बोटभर लांबीचे तीन हिरवे शेंडे. पानांच्या कडा जांभळ्या.

"मुळं काळी हुती. शेंडे जित्ते हुते," तो म्हणाला. "सात लावले हुते, चार सडले. तिघांनी बहुतेक मुळं धरलीत. ओढलं तर हलत न्हाईत."

"मला का नाही सांगितलंत?"

"सारखं झाकण उघडून बघितलं असतं तुमी. ह्याला बंद दार लागतं. निदान महिनाभर."

पंकजा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. डब्याच्या झाकणावर थेंब पडले. अंगदला काय करावं सुचेना. त्यानं खिशातला रुमाल काढला. तो मातीनं माखलेला. पुन्हा आत ठेवला.

"मी त्या दिवशी पळाले," ती म्हणाली.

"पाह्यलं."

"नाही म्हणून नव्हते पळाले." तिनं डबा त्याच्या हातून आपल्या हातात घेतला. "मला घरच्यांची भीती वाटते. फार. बाबांचा ऊस तोडायला टोळी येते, अंगद. मी त्या घरातली आहे."

"ठावं हाय मला. शिंगणापूरची, ऊसवाली. मग?"

"मग... मला तुम्ही आवडता. आता काय करायचं ते सांगा. मला काही सुचत नाही."

त्यानं डब्याखाली आपलाही तळहात धरला. बोटांना बोटं लागली. 

"मलाबी सुचत न्हाई," तो म्हणाला. "पर भ्यायला दोघं हावो की आता."

*

बाई जूनमध्ये काठी टेकत परतल्या आणि त्यांनी पंकजाकडून सगळं ऐकलं. डबा पाहिला, तीन रोपं मोजली, एक स्वतःच्या खिडकीत लावलं, एक अंगदला दिलं आणि तिसरं पंकजाच्या पुढं सरकवलं. "हे तुझ्या घरी ने. आणि हा दोन तास पायरीवर बसलेला मुलगा, यालाही ने. शनिवारी नको, गर्दी असते."

म्हणून जुलैतला एक बुधवार. पंकजा आदल्या दिवशीच घरी आली होती. आईला, म्हणजे भागूबाईला, तिनं चुलीपाशी सगळं सांगितलं होतं. भागूबाई भाकरी थापता थापता थांबली होती आणि एवढंच म्हणाली होती, "तुझ्या बापाला तू सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं."

आणि पंकजानं सांगितलं नव्हतं. रात्री नाही, सकाळी नाही. बाबा रसवंतीवर निघून गेले होते. आता अकरा वाजत होते आणि ती रोपाची कुंडी घेऊन पडद्याआड उभी होती. फटीतून गल्ली दिसत होती.

अंगद आला. स्वच्छ शर्ट, हातात पाण्याचा कॅन. रोप नेल्यावर पाणीही लागेल, म्हणून. चौकटीसमोर येऊन थांबला. कडी शोधली. बेल शोधली. कडी वाजवायला दारच नव्हतं! त्यानं एकदा खाकरून पाहिलं. आतून तिनं पडदा मुठीत धरला, पण सारला नाही. मग तो वळला, आणि पायरीवर बसला. चौकटीकडे पाठ करून.

गल्लीच्या टोकाला बाबा दिसले. नाव कारभारी. खांद्यावर पंचा, चालणं संथ. जेवायला आज लवकर आले होते.

"कोण रं तू? हितं का बसलायस?"

अंगद उठला. "दार उघडं हाय. आत कुणी बोलावलं न्हाई. म्हणून बसलो."

"आमच्यात दार नसतंच. नवा दिसतोस. दर्शनाला आलास?"

"न्हाई. तुमच्याकडं आलोय."

"गाव?"

"पाथर्डीकडचा. नगरला नर्सरीत असतो." एक क्षण थांबून त्यानं तेही सांगून टाकलं, जे तो लपवू शकला असता. "आई-बा तोडीला जात्यात. मीबी जायचो, नववीपर्यंत."

कारभारींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.  पडदा हातात होता. हलका सुती पडदा. पण तिला वाटलं, आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं.

भीती वाटली की आधी उचलून बघायचं.

तिनं पडदा सारला. "बाबा, मी बोलावलंय यांना."

कारभारींची मान सावकाश वळली. लेकीकडे, तिच्या हातातल्या छोट्या कुंडीकडे, पुन्हा त्या पोराकडे. काय समजायचं ते समजलं होतं. चेहऱ्यावर सगळं एकामागून एक येऊन गेलं. राग, आणि काहीतरी दुखल्यासारखं. गल्लीतून एक म्हैस आली, तिला वाट द्यायला कारभारी एक पाऊल मागं सरले.

"कसलं रोप हे?" शेवटी त्यांनी विचारलं. प्रश्न अंगदला होता.

"लिपस्टिक म्हणत्यात. लाल फूल येतं."

"कधी येतं?"

"वरीस लागंल."

"वरीसभर थांबायचं?"

"थांबतो," अंगद म्हणाला.

कारभारींनी पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. पंकजाला आठवलं, असंच कुणीतरी नर्सरीत हात पुसत उभं होतं.

"मी हो म्हणलो न्हाई," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "ऐकू आलं का? हो म्हणलो न्हाई. पर उन्हातनं आलेल्या मानसाला भायेर बसवायचं, ही आपली रीत न्हाई." आणि मग, दारावरून जाणाऱ्या कुणाही पाहुण्याला म्हणावं तसं, "फळी काढ, पंके. त्याला आत येऊ दे. च्या पिऊ, मग बघू."

पंकजानं कुंडी मागं येऊन उभ्या राहिलेल्या आईच्या हाती दिली, खाली वाकली, आणि दोन्ही हातांनी ती जाड लाकडी फळी धरली. रोज मांजरासाठी लावली जायची ती. पलीकडून अंगदही वाकला. एका टोकाला तो, एका टोकाला ती.

दोघांनी मिळून उचलली.